काचलेली जागा

रांजणगाव शेणपुंजी, वाळूज
१९ नोव्हेंबर २०२३

दादा,

वर साष्टांग नमस्कार लिहून खोडलाय, ते दिसतच असेल. दुसरा कागद मुद्दाम घेतला नाही.

भाऊबीजेला तुझा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमधून घरी येत होते. बा गेला त्याच्या दहाव्यानंतर तुझा आवाज कानावर पडला नव्हता. मला वाटलं, मायला काही झालं. तू मायचं नावसुद्धा काढलं नाहीस. म्हणालास, "जिल्ह्याच्या शर्यतीच्या निकालात तुझ्या सरूचं नाव बघितलं. पोरगी पुण्याला माझ्याकडं पाठव. राहणं, खाणं, कॉलेज, सगळं माझी अकादमी बघंल. लई दम हाय पोरीत, आवडा." मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. शेजारची बाई विचारत होती, भावाचा का गं फोन? मी तिला सांगितलं, राँग नंबर.

फोनवर बोलले असते तर मी रडले असते नाहीतर शिव्या दिल्या असत्या. दोन्ही तुला ऐकवायचं नाही. आणि मला जे सांगायचंय त्यात मांडी, जांघ, छाती असले शब्द आहेत. बहीण भावाशी ते बोलत नाही असं आपल्यात मानतात. कागदाला असलं काही नसतं. वाच.

दम हा शब्द तुझ्या तोंडून मी आधी एकदा ऐकलाय. चितेगावच्या शर्यतीनंतर पेपरवाला आला होता, तेव्हा तू त्याला म्हणालास, "पोरीचा दम कमी पडला." दुसऱ्या दिवशी तेच छापून आलं. बानं ते वाचून घेतलं मास्तरकडून. माझा दम कमी पडला होता का, दादा? तुला तर माहीत होतं. पिशोरहून मेंढरं घेऊन गौताळ्याच्या डोंगरात जायचो, तेव्हा चुकलेलं कोकरू आणायला बा मला धाडायचा, तुला नाही. तूच पहिल्यांदा बाला म्हणाला होतास, "हिला शर्यतीत पळवू." औरंगाबादला नोकरी लागल्यावर मला इटखेड्याला मावशीकडं ठेवून घेतलंस, रोज सकाळी तिथल्याच सातारा गावच्या डोंगराकडं पळवत न्यायचास, स्वतः सायकलवर. ते मी विसरले नाही. ते विसरले असते तर आज इतकं कडू तोंड झालं नसतं.

तेव्हा मी कशात पळायचे, आठवतं? मायनं बाच्या जुन्या धोतराची गुडघ्यापर्यंत चड्डी शिवली होती. शिवण बाहेरच्या अंगाला घेतली होती, म्हणजे मांडीला लागायची नाही. आत तूप चोळायची ती मला. मी हसायचे, तूपरोटी केली म्हणायचे. पण एकदाही माझी मांडी लाल झाली नाही.

मग तू ते नवे कपडे आणलेस. पांढरी हाफपँट, चकाकणारी, शर्टाच्या पाठीवर ते कपडे देणाऱ्या साहेबांचं नाव. ते तुला मैदान मिळवून देणार होते, शिकवायला मुलं मिळवून देणार होते. मी ती हाफपँट घालून एकदा पळाले. आतली शिवण दोरीसारखी जाड होती. घरी आले तर मांड्या आतून सोललेल्या. मी तुला कसं सांगणार? मायला सांगितलं. माय पिशोरहून आली होती, तिनं तुला जेवताना सांगितलं, "सूर्यभान, पोरीला ती चड्डी काचतीय. तिला तिची जुनीच घालू दे." तू पाट सोडून उठलास. हात धुताना बाहेरून ओरडलास, "एका दिवसाचा सवाल हाय, माय. साहेब सोता येणार हायेत."

नवी चप्पल घालून लांब जाऊ नये, हे मला कुणी शिकवलं होतं? तूच.

बाकी तुला माहीत आहे. नाही, तू पुढं सायकलवर होतास, तुला सगळं माहीत नाही. फाल्गुनातलं ऊन. शहरातून चितेगावपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. नक्षत्रवाडीच्या पुढं लोक बादल्या घेऊन उभे होते, हौसेनं अंगावर पाणी ओतत होते. ते पाणी हाफपँटीत उतरलं. ओलं कापड, वर घामाचं मीठ. पाऊल टाकलं की कुणी तरी आतून कानस फिरवतंय असं वाटायचं. तरी चितेगावला मी पहिल्या तिघींत होते. परत फिरताना कंपनीची शिफ्ट सुटली होती, दोन्ही बाजूंनी माणसं. आपल्या पिशोरहून शर्यत बघायला आलेल्या माणसांचा ट्रकसुद्धा तिथंच उभा होता. आधी ती माणसं ओरडत होती, "आवडा, पळ, पळ." मग एकाएकी ओरडायची थांबली. मी खाली बघितलं. पांढऱ्या कापडावर मांड्यांच्या मधोमध रक्त उतरलं होतं.

तिथून पुढंही मी पळाले, पाय फाकवून, म्हातारीसारखी. मग एका रसवंतीजवळ बसले. रसवाल्या बाईनं आपल्या अंगावरची ओढणी माझ्या कमरेला गुंडाळली. तिचं नावही मी विचारलं नाही.

त्या ट्रकमधून पिशोरला काय गेलं, ते तुझ्या कानावर आलं होतं. बाचं नाव घेऊन म्हणाले, "मुंजाबाच्या पोरीचं पोटातलं पडलं रस्त्यात." कन्नडकडचं जमलेलं स्थळ मोडलं. बा महिनाभर पारावर गेला नाही. लोक तुला विचारायला यायचे आणि तू म्हणायचास, "दम कमी पडला." एक वाक्य पुरलं असतं, दादा. चड्डी काचली, मांडी सोलली. जनावराचा खांदा जू घासून येतो, तेव्हा गाव चर्चा करत नाही, हळद लावतं. एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर साहेबांच्या कपड्याचं नाव निघालं असतं.

दोन महिन्यांत माझं लग्न लावून दिलंत. तुला मैदान मिळालं.

म्हणून सरू येणार नाही. परत फोन करू नकोस.

आवडा


रांजणगाव शेणपुंजी
३ डिसेंबर २०२३

दादा,

तुला परत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू मला न विचारता माझ्या पोरीला मोबाइलवर रोज सांगतोयस, आज इतकं पळ, उद्या तितकं पळ. मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

काल सरू दौलताबादच्या घाटाकडं पळायला गेली होती. आली ती बाथरूममध्ये शिरली आणि लवकर बाहेर येईना. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, पोरगी बादलीभर पाणी कशाला सांडतीय म्हणून मी दार वाजवलं. आतलं पाणी ओतणं थांबलं आणि दात आवळून धरल्यावर निघतो तसा आवाज आला. मी म्हणाले, "दार उघड, सरे."

"काय नाय मम्मी. डास चावला."

"दार उघड म्हणते."

उघडलं. दोन्ही मांड्या आणि छातीखालचा पट्टा, पेरू सोलावा तशा. मी उंबऱ्यात बसले. माझा चेहरा बघून तीच घाबरली, मलाच म्हणायला लागली, "मम्मी, लई नाय दुखत, खरंच." मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस. तर म्हणते, "मामानं सांगितलंय, दुखतंय दुखतंय करणाऱ्या पोरी पुढं जात नसत्या."

सतरा वर्षांची पोर आहे. मी तिला काही शिकवलं नव्हतं असं नाही. पण मी शिकवलं ते आईचं, तू सांगतोस ते कोचचं. तिनं तुझं धरलं.

आता तू तिला सांगणारच असशील, मी अडवलं तरी चोरून ऐकणार असेल, तर निदान हे वाच आणि तुझ्या तोंडानं तिला सांग. लांब पळायच्या आधी मांड्यांच्या आतल्या अंगाला, काखेत, छातीच्या पट्ट्याखाली व्हॅसलीन लावायचं. बोटानं पुसट नाही, हात भरून. जास्त वेळ पळायचं असेल तर लहान डबी सोबत ठेवायची आणि मधे थांबून परत लावायचं, रस्त्यावर माणसं असली तरी आडोसा बघून लावायचंच. सुती कापड अंगाला बरं वाटतं, पण घामानं भिजलं की भिजलेलंच राहतं आणि तेच काचतं. त्यापेक्षा मांडीला चिकटून बसणारी, लांब, लवकर वाळणारी पँट बरी. आतली शिवण हात घालून बघायची. कंपनीचा शिक्का असलेली टोचरी पट्टी कापून टाकायची. पाणी डोक्यावर घ्यायचं तर मान पुढं वाकवून, खाली उतरता कामा नये. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही अंगावर चढवायचं नाही, मग ते कुणीही दिलेलं असो.

आणि काचलंच, तर कोमट पाण्यानं धुऊन कापडानं टिपायचं, चोळायचं नाही. वर मलम. सैल कपडा. सुकेपर्यंत पळणं बंद. ती बंद करणार नाही, तू सांगितल्याशिवाय. म्हणून तुला लिहावं लागलं. तुझ्याकडं काही मागायची वेळ आली याचा मला किती राग आहे, ते तुला कळणार नाही.

मला हे सगळं कसं ठाऊक, असं मनात आलं असेल. आमच्या लाइनवर उन्हाळ्यात आठ तास उभं राहणाऱ्या बाया आहेत, त्यांच्याही मांड्या काचतात. त्या मला विचारतात. आणि पहाटे एमआयडीसीचे रस्ते रिकामे असतात. त्यापुढं विचारू नकोस.

एक विचारते. तुझ्या अकादमीत पोरी आहेत म्हणे. त्यांना काचलं तर त्या कुणाला सांगतात?

आवडा


रांजणगाव शेणपुंजी
११ डिसेंबर २०२३

दादा,

पार्सल पोचलं. दोन काळ्या पँटी, छातीचे दोन पट्टे, ती काडीसारखी लावायची मलमाची नळी. आत चिठ्ठी शोधली. नव्हती.

वस्तू चांगल्या आहेत. मी हात घालून शिवणी बघितल्या, सपाट आहेत, दोरा कुठं वर आलेला नाही. मलमही तुपासारखं ओघळत नाही. सरूनं मांड्या सुकल्यावर घालून बघितलं, काही झालं नाही. हे कबूल करते, कारण खोटं लिहायचं नाही. म्हणजे तुला सगळं कळतं. कळत होतं का तेव्हाही, का पुण्याला जाऊन कळलं, हा प्रश्न मी स्वयंपाक करताना मनातल्या मनात विचारते.

सरू मोबाइलवर तुझ्याशी बोलली तेव्हा मी बाजूलाच बसले होते, तुला दिसले नाही. तू म्हणालास, "जरा थांब दोन दिवस, कातडी सुकू दे." चांगलं बोललास. लाजला नाहीस. भाचीशी बोलता येतं तर.

पोरगी मला म्हणते, "मम्मी, मला जाऊ दे ना. तिथं रबराचा ट्रॅक हाय, डॉक्टर हाय. इथं मी ट्रक चुकवत पळती." तिचं खोटं नाही. परवाच एका टँकरनं तिला नाल्यात उतरवलं. तिचे वडील काही बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझ्या मनात काय गाठ हाय ती आधी सोड, मंग पोरीचं ठरवू."

तेव्हा ऐक. माय पुण्याहून फोनवर सांगत होती, चंपाषष्ठीला तू तिला घेऊन साताऱ्याच्या खंडोबाला येणार आहेस. दर्शन झालं की आमच्याकडं जेवायला या. भरीत-रोडगा करते. एक खोली आणि पुढं पडवी आहे, तुझी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावावी लागेल.

जेवण झालं की मायसमोर आणि सरूच्या वडिलांसमोर तू एक गोष्ट सांगायची. चितेगावला रक्त कशाचं होतं ते. मला माफी नको. पिशोरला जाऊन दवंडी पिटायला सांगत नाही, ऐकणारी अर्धी माणसं मेली. माझ्या घरात, माझ्या पोरीला ऐकू जाईल असं एकदा सांग. मग सरूची पिशवी मी स्वतः भरते आणि तुझ्या गाडीत ठेवते.

सांगता येणार नसेल तर बाहेरूनच जा.

आवडा


रांजणगाव शेणपुंजी
२१ डिसेंबर २०२३

दादा,

चंपाषष्ठीला जे बोलणं झालं ते आठवतंय तसं लिहून ठेवते. चार वर्षांनी तू म्हणशील, मी असं म्हणालोच नव्हतो. माणूस तसं म्हणतो, आणि त्याला ते खरंही वाटतं.

तू आलास, जेवलास, रोडगा आणखी मागून घेतलास. मायच्या शेजारी बसला होतास. मला तुझे पिकलेले केस बघून वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते. सरूला मी भांडी घासायला पडवीत बसवलं होतं. तिच्या आणि आपल्या मधे नुसता पडदा, तुला ठाऊक होतं. मग मी विचारलं.

तू ताटात बोट फिरवत राहिलास. म्हणालास, "जुनं कशाला उकरतीस, आवडा. तेव्हा बी मी तुझी इज्जतच राखली."

"कशापासनं राखली?"

"लोकांपासनं. लोक काय काय म्हणत व्हते, मी कुणाला व्हय म्हणलो नाय, नाय बी म्हणलो नाय. घाईनं का व्हईना, चांगला माणूस बघून लग्न लावलं. दुसरा भाऊ असता तर हिरीत ढकलली असती."

मला आधी कळलंच नाही तू काय बोललास. मी सरूच्या वडिलांकडं बघितलं, ते जमिनीकडं बघत होते. मग हळूहळू डोक्यात शिरलं. मी म्हणाले, "दादा, चड्डी काचतीय असं मायनं तुला आधी सांगितलं व्हतं ना?"

"सांगितलं व्हतं."

"मंग?"

"रक्त दिसल्यावर मला वाटलं, माय झाकतीय."

असंच म्हणालास. आवाजही चढवला नाहीस. बसचं तिकीट दाखवावं तसं सांगितलंस.

इतकी वर्षं मी तुला भेकड समजत होते. साहेबांना घाबरला, मैदानाच्या लोभानं गप्प बसला, असं मनात धरून तुझ्याशी भांडत होते. स्वयंपाक करताना, लाइनवर डबे भरताना, तुझ्याशी भांडण चालूच असायचं. त्या भांडणात तुला सगळं ठाऊक असायचं. एका भेकड भावाला मी कधी ना कधी माफ केलं असतं, तशी माणसं घरोघर असतात. पण तुला ठाऊकच नव्हतं. तू रोज सकाळी मला पळवायला न्यायचास, माझ्या पायाला काटा टोचला तर उपसायचास, आणि मनात धरून बसलास की मी कुणाकडं तरी जाऊन आले. विचारलं पण नाहीस. पंचवीस वर्षं मला माफ करून बसलास. तुला वाटत होतं उपकार आपण केलेत, आणि मी उलटी रागावून बसलीय, कृतघ्न.

मग माय बोलली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "सूर्यभान, ती चड्डी म्या धुतली. मावशीच्या मोरीत. दोन्हीकडच्या शिवणीवर रक्त व्हतं, मधून आल्यालं नव्हतं. मधी नुसतं पाण्यानं पसरलं व्हतं. बाईला ते कळतं. म्या तुला येऊन सांगितलं, पोरीच्या मांड्या पार गेल्यात, डॉक्टरकडं ने. तू डॉक्टरकडं नेलं नाहीस. मला वाटलं, पैशाची अडचण आसंल."

तू म्हणालास, "माय, तू आई हायेस. आई पोरीचं झाकतीच."

"म्या खोटं बोलले आसं वाटलं तुला."

"तसं नाय, माय..."

"म्या तुझ्या घरी जेवती, तुझ्या पोरांचं न्हाऊमाखू करती. आन् तू मला खोटी समजून वाढितू."

तू तिचा हात धरायला गेलास. तिनं हात पदराखाली घेतला. भिंतीला धरून उठली आणि सरूच्या वडिलांना म्हणाली, "कडूबा, गाडीत माझं बोचकं हाय. तेवढं काढून आणा, बाप्पा."

ते माझ्याकडं बघायला लागले, मग तुझ्याकडं. तू म्हणालास, "पाव्हणं, बसा वो, माय रागात हाय." ते बसले नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, ड्रायव्हरकडून बोचकं घेऊन आले आणि कोपऱ्यात ठेवलं. तू जाताना मायच्या पाया पडलास. तिनं पाय मागं घेतले नाहीत, पण हातही वर उचलला नाही. हे तू बघितलंस.

तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही, ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांचा डबा बांधत होते. मी म्हणाले, तुम्ही कालपासून गप्प आहात, तुमच्याही मनात काही असलं तर बोलून टाका. ते बुटाचे बंद बांधत होते. म्हणाले, "लग्नाच्या टायमाला मला बी सांगितलं व्हतं लोकांनी. तुमच्या पिशोरच्याच एकानं, मुद्दाम घरी येऊन."

मला हे कधीच माहीत नव्हतं.

"मंग तुम्ही लग्न कसं केलं?"

"म्हणलं बघू. मंग तुझ्या मांड्या बघितल्या. वण व्हते दोन्हीकडं, आतल्या अंगाला, काळे. माझ्या बी हायेत तसेच. पावसाळ्यात वल्ल्या धोतरानं मेंढरामागं चालून सगळ्या धनगराला असत्यात. काचल्याला माणूस काचलेलंच म्हणतो. त्यात इचारायचं काय?"

बस चुकेल म्हणून ते निघून गेले. मी त्या दिवशी कामावर गेले नाही.

तुझ्याही मांडीला असतील ना रे वण, दादा? तूही त्याच पावसात त्याच मेंढरामागं होतास.

आवडा


रांजणगाव शेणपुंजी
१४ जानेवारी २०२४

दादा,

तुझे तिन्ही फोन मी घेतले नाहीत. चौथा सरूनं घेतला, ते मला सांगून घेतला. मायला पाठवा, लोक विचारतायत, नातवंडं आजी आजी करतायत, असं तू म्हणालास. आणि अकादमीची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवलीय, पुढं धरता येणार नाही.

मायचं आधी सांगते. ती येत नाही. मी अडवलेली नाही. उलट दोनदा म्हणाले, माय, तिथं गरम पाणी आहे, लिफ्ट आहे, इथं संडासाला रांग लावावी लागते. ती म्हणते, बघू. पडवीत पलंग टाकून दिलाय तिला. गल्लीतल्या दोन बायांशी ओळख झालीय, त्यातल्या एकीचं माहेर पिशोरच्या पलीकडचं निघालं. तुझ्याबद्दल ती वाईट बोलत नाही. तुझं नाव निघालं की हातातलं काम पुढं चालू ठेवते.

आता सरूचं. तुला वाटेल मी तिला फितवलं. मी तिला म्हणाले, जा. मागच्या आठवड्यातच म्हणाले. माझ्या मनात तुझ्याबद्दल जे काय आहे त्यानं तिचे पाय का बांधू? इथं वाळूजच्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून पळून कुणी फार पुढं गेलेलं नाही, हे मला तुझ्याइतकंच कळतं. तिच्या कॉलेजच्या बाई चांगल्या आहेत, विद्यापीठाच्या मैदानावर पळवतो म्हणाल्या, पण त्यांना स्वतःला नोकरी कधी जाईल त्याचा भरवसा नाही. मी पिशवी काढून पलंगावर ठेवली होती. तू दिलेल्या पँटी घडी करून आत घातल्या होत्या.

सरू म्हणाली, "मला नाय जायचं."

मी ओरडले तिच्यावर. म्हणाले, माझ्यासाठी थांबत असशील तर थांबू नको, तुझ्या थांबण्यानं माझं काही भरून येत नाही. मामाचा राग मला आहे, तुला कशाला?

ती म्हणाली, "राग नाय मला, मम्मी. मामा चांगलं शिकवतात. पण उद्या ट्रॅकवर मला कधी रक्त आलं, तर ते काय समजतील?"

मी मायकडं बघितलं. माय शेंगा सोलत होती, तिनं मान वर केली नाही. सरूच्या वडिलांनी पिशवी उचलून परत फळीवर ठेवली.

तुझ्याजवळ उत्तर असेल तर तिला दे. तिचा नंबर तुझ्याकडं आहे. मला नको. मला तुझं उत्तर ऐकायची आता भीती वाटते. तू काहीतरी समजूतदार बोलशील आणि त्याच्या आत तेच असेल.

जागा दुसऱ्या कुणा पोरीला दे. मी तुला मागच्या महिन्यात विचारलं होतं, तुझ्याकडच्या पोरींना काचलं तर त्या कुणाला सांगतात. तू कळवलं नाहीस. निदान एखादी बाई ठेव तिथं. पगार देऊन ठेव. हे मी तुझ्यासाठी सांगत नाहीये.

तू पाठवलेल्या वस्तू परत करत नाही. सरू वापरते. पँटीवर तुझ्या अकादमीचं नाव होतं, ते मी सुईनं उसवून काढलं, खाली टोचत होतं.

मायच्या बीपीच्या गोळ्या, गुडघ्याचं तेल, चष्म्याचं घर आणि जाड गोधडी तुझ्याकडं राहिलीय. थंडी अजून आहे, गोधडी लवकर हवी. कुरियरनं पाठव. ड्रायव्हरला पाठवू नकोस, आणि तू येऊ नकोस.

पत्र बंद करायच्या आधी मायला विचारलं, दादाला तुझं काही लिहू का? ती म्हणाली, "लिही, म्या घरी पोचले म्हणून."

आवडा